चारला उठून म्हणे 'स्वतःसाठी वेळ'!

'आपल्या आज्यांना कुठे लागला होता स्वतःसाठी वेळ?' असा एक लांबलचक मेसेज वाडीच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: आजी कधी दमली नाही, आजारी पडली नाही. घरकाम हाच व्यायाम. तरीही वेळ हवाच असेल तर पहाटे चारला उठा, तो वेळ फक्त तुमचा. शेवटी, घरच्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हाच बाईचा आराम. सोडून दिलं असतं, पण देवगडच्या माझ्या मावशीने हे मनावर घेतलं, तेही ऐन आंब्याच्या हंगामात.

आधी ते चार वाजणं. हंगामात पेट्या भरता भरता रात्रीचे अकरा-बारा होतात. चारला उठायचं तर झोप उरली चार-पाच तास! आणि त्या 'स्वतःच्या' वेळात मावशी करते काय? पाणी भरते, आणि जागीच आहे म्हणून भाकऱ्या थापून घेते. म्हणजे कामाचा दिवस तेवढा लवकर सुरू झाला. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१५ साली एकत्र बसून सांगितलंय की मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. कायम त्याहून कमी झोपणाऱ्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, नैराश्य जास्त दिसतं. मावशीला बीपीची गोळी चालू आहे. तिला चारला उठवणारा हा उपदेशक स्वतः कितीला उठतो, कोण जाणे.

वेळ मुळात जातो कुठे, हे केंद्र सरकारच्याच २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आहे. सहा वर्षांवरच्या शंभर जणींपैकी ८१ जणी बिनपगारी घरकाम करतात, दिवसाला सरासरी २९९ मिनिटं. पुरुष शंभरातले २६, आणि जे करतात तेही ९७ मिनिटंच. वेळ काढायचा तर इथून काढा ना, झोपेतून कशाला? अख्ख्या मेसेजमध्ये पुरुष येतो तो फक्त हसायला.

घरकाम हा व्यायाम, हे अर्धं खरं, मान्य करावंच लागेल. जागतिक आरोग्य संघटनाही घरकाम शारीरिक हालचालीत धरते. पण वाकून वाकून पेट्या भरलेल्या कमरेला आणखी वाकणं हा आराम नव्हे.

आणि आजी आजारी पडली नाही? स्वातंत्र्याच्या सुमारास आपलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. बालमृत्यूंमुळे तो आकडा खाली येतो, ठीक. पण बाळंतपणात गेलेल्याही त्यातच आहेत. जगल्या त्या आज्या झाल्या. गेल्या त्यांचा घरात फोटोसुद्धा नाही. शिवाय आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं आजी एकटीने उपसत नव्हती, सोबत जावा-नणंदा होत्या. आज घरात दोन माणसं, बाकीचे मुंबईला, आणि मे महिन्यात सगळे चाकरमानी घावण्यांची वाट बघत बसलेले. आजची बाई दमते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला.

हसण्याच्या मुद्द्यावर शब्द घालवत नाही.

मावशीला दुपारी जेवणं झाल्यावर तासभर आडवं व्हायचंय, एवढंच. तेवढ्यात भांडी मुंबईकरांनी घासावीत. मी गेलो की घासतो. काकांनाही सांगून झालंय. अजून ऐकू न आल्यासारखंच करतायत.