सोवळ्यातला बटाटा

न्यू जर्सीतलं आमचं घर विकताना आधीच्या मालकाने मागच्या अंगणात दोन वस्तू सोडल्या: एक गंजलेला झोपाळा आणि एक कोळशाचं ग्रिल. झोपाळ्यावर बसायची कोणाची हिंमत झाली नाही. ग्रिलच्या बाबतीत माझी झाली.

त्या वर्षी चार जुलै गुरुवारी आला. सासूसासरे अलिबागहून सहा महिन्यांसाठी आलेले, सासूबाईंचा गुरुवार, आणि बायकोने ऑफिसातली चार व मंडळातली सहा माणसं जेवायला बोलावलेली. "कणसं, पनीर, बर्गर सगळं मी किचनमध्ये बघते," ती म्हणाली. "तू फक्त बटाटे भाज. आईला उपासाला होतील."

फक्त बटाटे! पुण्यात वाढलेल्या माणसाला 'फक्त' म्हटलेलं लागतं. मी तीन दिवस अभ्यास केला. बटाटा रसेट जातीचा हवा, लांबट, खरबरीत सालीचा. त्यात पिष्ट जास्त आणि पाणी कमी, म्हणून तो आतून भुरभुरीत होतो. काट्याने टोचायचा, नाहीतर आत वाफ कोंडून फुटायची भीती. झाकण लावून 400 फॅरेनहाइटला साधारण तासभर. ही सगळी माहिती मी बुधवारी रात्री आमटीभात खाताखाता कुटुंबाला दिली.

"आम्ही मटक्यात टाकतो," सासरे म्हणाले, आणि त्यांनी भाताला ताक मागितलं.

इथे सांगायला हवं, की सासरे पोपटीवाले आहेत. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मटक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, बटाटे, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला, मग मटकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. अर्ध्यापाऊण तासात खेळ खल्लास. थर्मामीटर नाही, अभ्यास नाही. अशा माणसासमोर ग्रिल पेटवणं म्हणजे वारकऱ्याला टाळ कसे धरायचे ते दाखवणं.

पहिला वाद पेटवण्याआधीच झाला. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, बटाट्याला फॉइल गुंडाळू नकोस, आत वाफ धरते, बटाटा भाजायच्याऐवजी उकडतो आणि साल मऊ पडते. शास्त्रीयदृष्ट्या आजोबा बरोबर होते. पण त्या जाळीवर आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं काय काय भाजलं असेल, हे सासूबाईंनी नुसत्या वासावरून ओळखलं होतं. मी जाळी तारेच्या ब्रशने तीनदा घासली. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. मी मुकाट्याने आत जाऊन फॉइलचा रोल घेऊन आलो. बटाट्यांना सोवळं नेसवलं. दुहेरी.

साडेपाचला कोळशावर पेटवायचं तेल ओतून काडी लावली. भपकन हातभर ज्वाळा उठली. वा! काय ते तेज! मी लगेच बारा बटाटे मांडले.

"जावईबापू," सासरे खुर्चीतून म्हणाले, "जाळावर नाही भाजत. निखारा होऊ द्या. वर राख धरली पाहिजे."

"बाबा, हे इकडचे कोळसे आहेत," मी म्हणालो. या वाक्याचा अर्थ मलाही अजून लागलेला नाही.

सहाला पाहुणे आले. त्यानंतर मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडत होतो. काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर हातात लांब चिमटा घेऊन धुरात उभं राहिलं की माणूस कर्तबगार दिसतो. प्रत्येक उघडझापीला झाकणावरचा काटा लाजेने खाली येत होता. बरं, बटाट्याची एक खोड आहे. पोळी फुगते, पापड रंग बदलतो, बटाटा कच्चा असताना जसा दिसतो तसाच शिजल्यावर दिसतो. त्यात हा सोवळ्यात.

साडेसहाला एक सोडून बघितला. बाहेरून कोळसा, आतून कच्चा. सुरी आत जाताना 'कर्रर' असा आवाज आला, तो मंडळाच्या खजिनदारांनीही ऐकला. मग सगळे निखारे एका बाजूला सारले, उरलेले अकरा बटाटे दुसऱ्या बाजूला, आच थेट लागणार नाही असे ठेवले. हे पहिल्यापासून असंच करायचं असतं. माझ्या अभ्यासात ते दुसऱ्या पानावर होतं.

सव्वासातला सासरे उठले. तांब्यातलं पाणी चुळकाभर घेऊन त्यांनी ग्रिलच्या झाकणावर शिंपडलं. चुर्रर झालं, पाणी क्षणात उडालं. "झाली," ते म्हणाले. मटक्याची परीक्षा अशीच असते. ऑफिसातल्या पाहुण्यांना तो काही धार्मिक विधी वाटला असावा, दोघांनी हातातले ग्लास खाली ठेवले. मी घाईघाईने बटाटे ताटात काढले. लोखंडाचं झाकण दहा मिनिटांतही चुर्र करतं, हे आम्हा दोघांना सुरी घातल्यावर कळलं. कर्रर.

सासरे पुन्हा खुर्चीत बसले. त्या क्षणी मला ते पहिल्यांदा फार जवळचे वाटले.

तेवढ्यात शेजारचे आजोबा कुंपणावरून आपला थर्मामीटर घेऊन आले. टोकदार, लांब. बटाट्याच्या पोटात खुपसला. 140. "205च्या पुढे गेला पाहिजे," ते म्हणाले. आपल्याकडे फॅरेनहाइट फक्त तापाला वापरतात. सासूबाई पुढे वाकून आकडा बघून म्हणाल्या, "अगं बाई, एकशे चाळीस!" आणि बटाट्याकडे अशा काही कळवळून पाहिलं की आता मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या मागवतात की काय असं वाटलं.

नवे कोळसे टाकले. या वेळी राख धरेपर्यंत थांबलो. झाकण लावून सासऱ्यांनी खुर्ची ग्रिलसमोरच ओढली आणि कोणालाही हात लावू दिला नाही. मला तर नाहीच. पाहुण्यांनी कणसं खाल्ली, बर्गर खाल्ले, आइस्क्रीम खाल्लं. सासूबाईंनी दोन केळी खाल्ली आणि तिसरं परत ठेवलं. "होतील की," असं त्या दर वीस मिनिटांनी म्हणत. नेमकं हेच ऐकवत नव्हतं.

सव्वानऊला गावातली आतषबाजी सुरू झाली. पाहुणे माना वर करून बघत होते आणि आम्ही तिघं खाली वाकून थर्मामीटर बघत होतो. आकाशात लाल फूल फुटलं त्याच्या उजेडात आकडा दिसला: 208.

सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या. फॉइल उलगडलं, आडवी चीर दिली, वाफेचा लोट आला. लोणी, मीठ. दोन घास शांतपणे खाल्ले.

"बरा झालाय," त्या म्हणाल्या. "अगदी उकडल्यासारखा."

कुंपणापलीकडे आजोबा होते. त्यांना मराठी येत नाही, हे माझं नशीब.

अंगणाच्या कोपऱ्यात सासऱ्यांनी अलिबागला फोन लावला होता. तिकडे सकाळचे सात. "हो, इकडे पोपटी लावली होती," ते धाकट्या भावाला सांगत होते. "नाही रे, शेंगा कुठल्या मिळणार. पाला नाही. मटकं पण नाही… हो हो, बटाटे होते… किती वेळ? तू आधी चहा घे, मग सांगतो."