‘डीलक्स’मध्ये उजेड नाही

नमस्कार. ‘डीलक्स’ शब्दावरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण मुद्द्याची होती, म्हणून सवडीने उत्तर देतोय. तुमचं म्हणणं: ‘डीलक्स’ हा लॅटिन ‘लक्स’वरून, म्हणजे प्रकाशावरून आलाय हे मला ठाऊक नाही, शिवाय ‘महागडं’ असा अर्थ देऊन मी मोकळा झालो, तिथे ‘राजेशाही’ हवं होतं.

पहिलं मान्य नाही. लक्स म्हणजे प्रकाश, हे खरं. आपला ‘रुच्’ धातूही मुळात चकाकण्याचाच, त्यामुळे ‘रुचिर’ आणि ‘लक्स’ लांबचे चुलतभाऊ लागतात. पण डीलक्स आला फ्रेंचमधून, ‘द ल्युक्स’वरून, आणि त्यातला ‘ल्युक्स’ लॅटिन ‘लुक्सुस’चा वंशज. लुक्सुस म्हणजे अतिरेक, उधळपट्टी, थाटमाट. त्याच घरातली ‘लुक्सुरिया’ तर ख्रिस्ती धर्मशास्त्रात सात महापापांत जाऊन बसली, कामवासना म्हणून! इंग्रजी ‘लक्झरी’चाही जुना अर्थ तोच. शेक्सपिअरचा लिअर राजा हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात मखमली गाद्या नसतात. फ्रेंच लोकांनी हिशेब वेगळे ठेवले: ‘ल्युक्स’ म्हणजे ऐषआराम, ‘ल्युक्स्युर’ म्हणजे वासना.

राहिला तुमचा लक्स साबणाचा दाखला. ते उत्पादन 1899मध्ये ‘सनलाइट फ्लेक्स’ म्हणून आलं आणि पुढच्याच वर्षी ‘लक्स’ झालं. म्हणजे तिथे उजेड होताच. चैनीचा भास नावात फुकट मिळाला. पण साबणाच्या वेष्टनावरून व्युत्पत्ती ठरत नाही हो.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी चुकलो. 19व्या शतकात ‘एदिस्यों द ल्युक्स’ म्हणजे खास आवृत्ती निघायची, तिचा जीव घडणीत असे: उत्तम जाड कागद, ऐसपैस समास, चामडी बांधणी, क्रमांक घातलेल्या मोजक्याच प्रती. किंमत त्यामागून यायची. पुढे शब्द आगगाड्यांना चिकटला. 1 जून 1930ला सुरू झालेली आपली डेक्कन क्वीन देशातली पहिली डीलक्स गाडी म्हणून मिरवते. त्यानंतर मात्र लॉजची खोली, पावभाजी, काहीही डीलक्स झालं. एसटीने त्या मानाने प्रामाणिकपणा दाखवला. ‘सेमी-लक्झरी’ला सरळ ‘निमआराम’ म्हटलं. जेवढा आराम, तेवढंच नाव.

तेव्हा लेखातलं ‘महागडं’ खोडून ‘उंची घडणीचं’ केलंय. उंची अत्तर, उंची वस्त्रं म्हणतो ना, तसं. ‘राजेशाही’ नको. ते वाचलं की मला थाळीच आठवते, अनलिमिटेड.