किती पडला?

गेल्या गणपतीत आमच्या गावच्या मंडळानं दादाचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, कुंद्याचा बॉक्स. पाच जण बोलले. जिद्द, नियतीचा घाला, संकटावर मात, सगळं बोलून झालं. दोघांचे डोळे भरून आले. गोळा किती लांब गेला, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. मी स्वतः कागदावर लिहून दिलं होतं: गोळाफेक, एफ 55 गट, 7.86 मीटर. एफ 55 म्हणजे पायांत जोर नसलेल्या, बसून टाकणाऱ्यांचा गट. तो आकडा वाचलाच गेला नाही. घरी येताना दादा गप्प होता. झोपताना एवढंच म्हणाला, "मी काय केलं ते कुणाला कळलंच नाही बघ."

तेव्हापासून हे मनात साचलंय, म्हणून आज लिहिते.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेचं, तालमीचं. आनंदवाडीच्या आखाड्यात कुणी कुणाला कितव्या मिनिटाला कुठल्या डावावर चितपट केलं, हे वीस वर्षांनंतरही पारावरची माणसं बोटांवर सांगतात. हरलेल्या पैलवानाला कुणी गोंजारत नाही. "दम कमी पडला तुझा, ढाक लावायला उशीर केलास," असं तोंडावर सांगतात, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नाही. आपल्याकडं खेळाडूचा मान हाच असतो. मग खुर्चीवर बसलेला माणूस खेळायला लागला की आपली ही नजर कुठं जाते? त्याचा खेळ बाजूला राहतो आणि आपण त्याच्या पायांकडंच बघत बसतो.

दादाही पैलवानच. अकरा वर्षांपूर्वी, पावसाच्या तोंडावर घर शाकारायला चढला होता. वासा मोडला, पाठीवर आपटला, मणका गेला. कमरेखाली काही राहिलं नाही. पहिली दोन वर्षं मी विसरू शकत नाही. पाठीला दोनदा बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, झाल्या. त्या परत होऊ नयेत म्हणून दर अर्ध्या तासानं दोन्ही हात टेकून सगळं अंग वर उचलायचं, पंधरा-वीस सेकंद धरायचं, मग खाली. घड्याळ लावून मी त्याच्यामागं असायची. भेटायला आलेले लोक सफरचंदं ठेवून रडून जायचे. पण त्या उचलण्यानंच त्याचे खांदे पैलवानकीत होते त्यापेक्षा भारी झाले. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी रांगेत बसलो होतो, तिथं बैलहोंगलच्या एका खुर्चीवाल्या खेळाडूनं ते खांदे बघितले आणि थेट विचारलं, "थ्रो मारतोस का?" आजही दादानं गोळा टाकला की तो मागून कानडीत ओरडतो, "भाळ चलो!" म्हणजे लई भारी.

हा खेळ दिसतो तेवढा सोपा नाही. माणूस लोखंडी फ्रेमवर बसतो. मांड्या पट्ट्यांनी आवळलेल्या, फ्रेम चारी बाजूंनी जमिनीला ताणून बांधलेली. चार किलोचा गोळा. पायांचा जोर नाही, पळत यायचं नाही, फिरायचं नाही. जे काही आहे ते खांदा, पाठ आणि मनगट. टाकताना बूड फ्रेमवरून सुटलं की फाऊल. फ्रेमची बैठक गादीसकट 75 सेंटीमीटरपेक्षा उंच चालत नाही. आमची पहिली फ्रेम उद्यमबागेतल्या एका वेल्डरनं करून दिली, मनापासून केली, पैसे लोखंडापुरतेच घेतले. स्पर्धेत पंचांनी टेप लावला तर 77. गादीची जाडी आम्ही धरलीच नव्हती. दुसऱ्याच्या फ्रेमवर बसून टाकायला लागलं, तिचा हातानं धरायचा दांडा भलत्याच ठिकाणी, गोळा साडेपाचच्या पुढं गेला नाही. परतीच्या राणी चेन्नम्मा एक्सप्रेसमध्ये तो रात्रभर खिडकीबाहेर बघत होता. दुसऱ्या दिवशी वेल्डरनं फ्रेमचे चारी पाय कापले, परत टेप लावला आणि दादाच्या पाया पडला. पाया पडायला नको होतं. त्याचं काम चोख होतं, माप सांगायला आम्ही चुकलो होतो.

आता बेळगावकरांना एक विचारते. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या गावात, गल्लीत एक तरी घर फौजीचं. मुरलीकांत पेटकर आपल्याच हायवेवर पुढं इस्लामपूरचे. फौजेत बॉक्सिंग करायचे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईल 37.33 सेकंदांत पोहले आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळाली 2018 ला. मधली 46 वर्षं त्या 37.33 ला विचारणारं कोण होतं? नागालँडचे जवान होकाटो सेमा यांचा पाय सुरुंगात गेला. पुण्यातल्या लष्कराच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना गोळाफेकीची वाट सापडली, आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकला 14.65 मीटर टाकून त्यांनी कांस्य घेतलं. जवान जखमी झाला तर त्याच्यासाठी खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर तरी आहे. कौलांवरून पडलेल्या शेतकऱ्याला कुठलं सेंटर? त्याला आई, बहीण आणि दाखल्याच्या रांगेत योगायोगानं भेटलेला एखादा बैलहोंगलचा माणूस. असा माणूस न भेटलेले किती जण आपल्या गावागावांत माजघरात पडून आहेत, ही मला खरी काळजी वाटते.

आटपाडीच्या सचिन खिलारींनी पॅरिसला 16.32 मीटर टाकला. सुवर्ण गेलं 16.38 ला. सहा सेंटीमीटर! आपल्या चार बोटांची रुंदी. त्यांच्या हाताला काय झालं हे आपल्याला तोंडपाठ असतं, ही चार बोटं मात्र आठवत नाहीत. खेळाडू रात्री अंथरुणावर पडतो तो हीच चार बोटं मोजत.

दादाच्या आयुष्यात हे कळणारा माणूस एकच निघाला, आमच्या तालमीचे म्हातारे वस्ताद. डोळ्यांना कमी दिसतं, पॅरा-बिरा काही ठाऊक नाही. दादा पहिल्यांदा सराव करून आला, तेव्हा काठी टेकत अंगणात आले. बाकी लोकांसारखं 'कसं वाटतंय' नाही, 'देव बघतोय' नाही.

"किती पडला रे?"

"सात मीटर वीस, वस्ताद."

"कमी आहे. टाकून दाखव."

अंगणात, गोळ्याऐवजी वरवंटा घेऊन दादानं टाकून दाखवला. वस्तादांनी दोनदा बघितलं, मग काठीनं त्याच्या डाव्या खांद्याला टोचून म्हणाले, "हा आधी उघडतोस. छाती फिरायच्या आत जोर निघून चाललाय. हे कुस्तीतपण करायचास, तेव्हाही सांगत होतो." दादा हसला. पडल्यानंतर एवढं मोकळं हसलेला मी त्याला पहिल्यांदा बघितला. आत चुलीजवळ आई तोंडाला पदर लावून उभी होती.

परवाच्या रविवारी लेले मैदानावर 8.04 पडला. पहिल्यांदाच आठच्या पुढं. मी व्हिडिओ वस्तादांच्या नातवाच्या फोनवर पाठवला. तासाभरानं त्यांचाच फोन आला, दादालाच द्यायला सांगितला. खांदा बरा आहे म्हणाले, पण डाव्या मांडीचा पट्टा सैल दिसतोय, आवळून परत टाक आणि परत पाठव.