उंदरांची धुणीभांडी

लोकांच्या घरात उंदीर निघाला की लोक चिकट पुठ्ठा आणतात, औषधाची वडी आणतात, अगदीच नाही तर शेजारच्यांची मांजर उसनी आणतात. मी पगार घेऊन उंदरांची धुणीभांडी करते. म्हणजे कागदावर मी नाशिकमधल्या एका फार्मसी कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर, विषय फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो ते. पण 'अ‍ॅडिशनल चार्ज' नावाची एक गोष्ट असते, ज्यांनी प्रायव्हेट कॉलेजात नोकरी केलीय त्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या वाट्याला अ‍ॅनिमल हाउस, म्हणजे प्रयोगांसाठी पाळलेल्या प्राण्यांची जागा, आलं. दुसऱ्या मॅडमना गॅदरिंग आलं होतं, त्या स्टाफरूममध्ये डोळे पुसत बसल्या होत्या, मी म्हटलं अहो चला अदलाबदल करू, तर डोळे जागच्या जागी कोरडे.

नातेवाईकांना 'अ‍ॅनिमल हाउस इन्चार्ज' सांगितलं की त्यांना आधी वाटतं वाघबिघ असतील. उंदीर म्हटलं की चेहरा पडतो. सिडकोतली मावशी तर भेटेल तेव्हा विचारते, "तुमच्याकडं उंदरं मारायला काय वापरतात गं? आमच्याकडं फार झालेत." तिला समजावणं मी सोडून दिलंय. आमचे उंदीर विस्टार जातीचे, पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, त्यांची वंशावळ थेट अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटपर्यंत जाते, १९०६ पासूनची. मला माझ्या पणजोबांचं नाव विचारलंत तर आईला फोन लावावा लागेल. शिवाय स्विस अल्बिनो माइस, म्हणजे छोटे पांढरे उंदीर, गिनी पिग आणि ससे आहेतच. या सगळ्यांच्या पाठीशी प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून केलेला १९६० चा कायदा आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची समिती उभी आहे, तिला आधी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए म्हणतात. तिच्या नियमांत खोलीचं तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के असं लिहिलेलं आहे, वर बारा तास उजेड बारा तास अंधार हे टायमर लावून पाळायचं. मार्चमध्ये नाशिकचा पारा पस्तिशी ओलांडतो तेव्हा स्टाफरूममध्ये पंखा नुसता कण्हत असतो आणि उंदरांना एसी. मला असूया वाटत नाही, असं मी मनाला सांगत असते.

आता खरी गंमत अशी की हे सगळं सांभाळतात आमचे मामा. अटेंडंट हा त्यांचा हुद्दा, पण अ‍ॅनिमल हाउस म्हणजे मामा आणि मामा म्हणजे अ‍ॅनिमल हाउस. मामा दिंडोरीकडचे, भावाचा द्राक्षाचा बाग, तोडणी सुरू झाली की जगातली कुठलीही कमिटी मामांना नाशकात थांबवू शकत नाही. ते रजेवर गेले आणि लगेच त्या समितीचं पत्र आलं, की इन्स्पेक्शनला येत आहोत. प्रिन्सिपल सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आहातच." हे वाक्य ऐकायला फार गोड लागतं, पण त्याचा अर्थ गमबूट घाला असा होतो.

तर सुरुवात तुसापासून. पिंजऱ्यात, म्हणजे आम्ही केज म्हणतो, खाली अंथरायला भाताचा तूस लागतो, तो आम्ही घोटीच्या राईस मिलमधून आणतो. घोटी-इगतपुरीचा तांदूळ तुम्ही कौतुकाने खाता, त्याचं टरफल माझ्या केसात असतं. हा तूस तसाच घालायचा नाही, आधी ऑटोक्लेव्ह करायचा, म्हणजे मोठ्या कुकरसारख्या यंत्रात दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचा, १५ पाउंड प्रेशर, १२१ अंश, वीस मिनिटं. त्यातही आधी झडप उघडी ठेवून आतली हवा पूर्ण जाऊ द्यायची, वाफ सलग येऊ लागली की मगच बंद, कारण आत हवा राहिली तर काटा १५ दाखवतो पण तापमान तिथे पोचलेलंच नसतं. एम. फार्मच्या पोरांना हे पुस्तकात पाठ, पण प्रत्यक्षात काटा हलला की त्यांचा मोबाईल बाहेर. आणि वीस मिनिटं पूर्ण व्हायला आली की लाईट जाणार. अठराव्या मिनिटाला जाते. मग परत शून्यापासून. बरं बाहेर काढलेला तूस ओला, तो वाळवायचा, वाळला की उडतो, डब्यात, कानात, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये, सगळीकडे.

मग केज रिकामे करणं. सकाळी खोलीचं दार उघडलं की पहिला नमस्कार अमोनियाचा. लघवीतल्या युरियाचे जंतू तुकडे करतात आणि अमोनिया सुटतो, हे मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा पोरं जांभया देतात, तेच इथे आत आणलं की एका वाक्यात समजतं, डोळ्यातून पाणी काढत समजतं. उंदीर रात्रीचा प्राणी, त्यामुळे आपले सकाळचे दहा म्हणजे त्यांची मध्यरात्र, आणि आम्ही त्यांना गाढ झोपेतून शेपटीच्या बुडाशी धरून उचलतो. मी तर चावले असते. ते बिचारे फक्त बघतात. माइसमध्ये अजून एक नखरा, नर एकत्र असतील आणि केज एकदम कोरा करकरीत दिला तर त्यांच्यात मारामाऱ्या होतात, कारण ओळखीचा वास गेला, आता इथला दादा कोण हे पुन्हा ठरवायचं. म्हणून त्यांच्या घरट्याचा थोडा जुना कागद-कापूस नव्या केजमध्ये न्यायचा. पण लघवीने भिजलेला तूस न्यायचा नाही, त्याने भांडण उलट वाढतं. म्हणजे आम्ही स्वच्छता करायची पण त्यांना कळणार नाही अशी करायची.

धुण्याचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात शॉर्टकट नाही, हेच लोकांना पटत नाही. आधी खरवडायचं, मग साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायचं, मग साबण पूर्ण काढायचा, आणि नंतर जंतुनाशक. कारण घाण तशीच ठेवून वर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, ओतलं तर ते बिचारं घाणीशीच झुंजण्यात संपतं, जंतू बाजूला बसून बघतात. साबणाचा अंश राहिला तर काही जंतुनाशकं जागेवर गार पडतात. आणि आपल्याकडे जनतेची ठाम समजूत अशी की फिनाइलचा वास आला म्हणजे स्वच्छ झालं. हॉस्पिटल असो, एसटी स्टँड असो, लग्नाचं कार्यालय असो, बादलीत दोन झाकणं टाकायची, फडका फिरवायचा, वास दरवळला पाहिजे. खाली काय आहे ते कोणी बघत नाही.

आणि सगळ्यात अवघड भाग घासण्याचा नाहीच. सगळ्यात अवघड आहे थांबणं. जंतुनाशक लावलं की दहा मिनिटं ते तसंच ओलं राहू द्यायचं, त्याशिवाय काम होत नाही, याला कॉन्टॅक्ट टाइम म्हणतात. दहा मिनिटं काही करायचं नाही! हे आपल्या माणसाला जमतच नाही. पोरं दीड मिनिटात विचारतात, "मॅम, पुसून टाकू?" मी म्हणते थांबा. परत, "मॅम, झालं असेल ना?" एकजण तर फुंकर मारून वाळवत होता. आणि नेमकं तेव्हाच, मी गमबूट, अ‍ॅप्रन, मास्क, कोपरापर्यंत ग्लोव्हज अशी कमरेवर हात ठेवून उभी, पाठीमागे चार पोरं उभी, समोर केजच्या रांगा, आणि प्रिन्सिपल सर राउंडला.

"काय मॅडम, काय चाललंय?"

"सर, डिसइन्फेक्शन."

"कुठे?"

"हे काय सर, समोर. चालू आहे."

सर केजकडे बघतात, माझ्याकडे बघतात, घड्याळाकडे बघतात. "मग करा ना," म्हणतात. आता ह्यांना कसं सांगू की मी करतेच आहे. शेवटी मी एक कोरडा ब्रश उचलून हवेत हलवायला लागले, सर खूश होऊन गेले. तेव्हापासून कॉन्टॅक्ट टाइममध्ये हातात ब्रश पाहिजेच असा मी पोरांना नियम घालून दिलाय.

मदतीला मेन बिल्डिंगच्या सफाईवाल्या ताई पाठवल्या होत्या. कामाला वाघीण, पण त्यांचं स्वतःचं एक शास्त्र आहे. मी बाटल्यांकडे वळले तेवढ्यात त्यांनी एका हातात अ‍ॅसिडची बाटली आणि दुसऱ्या हातात ब्लीचची बादली घेतलेली, "दोन्ही एकदम मारते मॅडम, डबल साफ व्हईल." मी जी ओरडले, की पलीकडच्या खोलीतले ससे दचकले. अहो ताई, ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो, १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये ईप्रला तोच सोडला होता सैनिकांवर! ताईंनी शांतपणे बाटली खाली ठेवली. "मंग आमची संडासं इतकी वर्षं कशी काय हायेत जाग्यावर?" म्हणाल्या. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याही घरात असं डबल साफ चालत असेल तर आजच बंद करा, एवढं फक्त गंभीरपणे सांगते.

अ‍ॅसिड लागतं, पण ते सशांसाठी, आणि वेगळ्या वेळी. ससा खाण्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून बाहेर टाकतो, त्यामुळे त्याची लघवी दुधासारखी पांढुरकी, आणि खालच्या ट्रेवर त्याचा चुन्यासारखा थर बसतो. साबणाने तो हलत नाही, ब्लीचला तो ओळखत नाही, घासून आपलाच खांदा निखळतो. त्यावर उपाय म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व. कॉलेजच्या सप्लायरला सांगितलं तर कोटेशन, कम्पॅरेटिव्ह, परचेस ऑर्डर असं करत ते पुढच्या इन्स्पेक्शनला आलं असतं, म्हणून मी सरळ स्कूटी काढून रविवार कारंजावर गेले आणि किराणावाल्याकडे दोन किलो मागितलं. तो वजनकाट्यावरून वर बघून म्हणाला, "ढोकळ्याची ऑर्डर आहे का ताई?" सशाची लघवी काढायचीय असं भर दुकानात कसं सांगणार, मागे बायका उभ्या. म्हटलं, "हो, लग्न आहे." तर तो काळजीने म्हणतो, "बेताने टाका हं. पाहुण्यांचे दात आंबतील." एवढ्यावर थांबला नाही, त्याने मला अख्खी ढोकळ्याची रेसिपी सांगितली, आणि मी ती मान हलवत ऐकली. ट्रेवर ते पाणी ओतल्यावर मस्त फसफसलं. ढोकळा फसला नसता.

बाटल्यांचं सांगायचं तर गिनी पिग. दिसायला इतका निरागस प्राणी की बघणारा विरघळतो, आणि बाटलीच्या नळीला तोंड लावून पाणी पिता पिता तोंडातलं खाणं परत आत ढकलतो. दुसऱ्या दिवशी बाटलीत हिरवट पिठलं. नळी चोंदली की त्याला पाणी नाही, म्हणून प्रत्येक नळी बघायची, आतून बारीक ब्रश घालायचा, मग ऑटोक्लेव्ह. आणि हे करत असताना प्लास्टिकची पिशवी जरा वाजली की सगळे एकसुरात किंचाळायला लागतात, कारण त्यांना वाटतं घास आला. लसूणघास. त्यांना शरीरात व्हिटॅमिन सी तयार करता येत नाही, आपल्यासारखंच, त्यामुळे हिरव्याचं वेड. इकडे माझं डोकं फुटायची वेळ.

शेवटी व्हायचं तेच झालं, तूस गटारीत गेला. भाताच्या तुसात सिलिका असते, तो पटकन कुजत नाही, जाळीखाली जाऊन नुसता बसून राहतो. वॉशिंग एरियात पाणी चढायला लागलं. नाशिककर पावसाळ्यात गोदावरीचा पूर विचारताना नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं एवढंच विचारतो, आमच्याकडे त्या दिवशी गमबुटावरनं मोजणी चालू होती, आणि पाणी वरच्या काठाला लागल्यावर एक पोरगा म्हणाला, "मॅम, आता होळकर पूल बंद करायचा का?" शेवटी ताईंनीच जाळी उचलून बाही वर करून तूस काढला. तेव्हा मात्र मला शास्त्र सुचलं नाही, मी फक्त हात जोडले.

इन्स्पेक्शनच्या सकाळी मी साडेआठला पोचले तर अ‍ॅनिमल हाउसमध्ये लॅव्हेंडर! सरांनी स्वतः येऊन रूम फ्रेशनर मारला होता, कोपऱ्याकोपऱ्यात. "मॅडम, तुम्ही इतकं धुतलंत पण वासच येत नव्हता हो कशाचा," म्हणाले. मी सगळी दारं, एक्झॉस्ट, काय काय सुरू केलं, पण लॅव्हेंडर जाईना.

कमिटीतले एक वयस्कर व्हेटर्नरी डॉक्टर होते. ते आत आले, दारातच थांबले, नाक वर केलं. "हे अत्तर कोणी सांडलं? अहो उंदराचं सगळं जग नाकावर चालतं." सर माझ्याकडे बघायला लागले. मी सशांकडे. मग त्यांनी रॅकच्या वरच्या फळीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, काहीच नाही. दुसरं बोट फिरवलं. ऑटोक्लेव्हची पट्टी काळी झालीय का बघितली, वर "नुसती पट्टी काळी होऊन भागत नाही, ती फक्त गरम झालं एवढंच सांगते" हेही सांगितलं, क्लीनिंगचं रजिस्टर चाळलं. नंतर म्हणाले एक केज बदलून दाखवा. मी विस्टारचा एक गलेलठ्ठ नर उचलला, नव्याकोऱ्या केजमध्ये, घोटीच्या निर्जंतुक तुसावर, अलगद ठेवला. त्याने इकडे वास घेतला, तिकडे वास घेतला, आणि सगळ्या कमिटीदेखत मुतला. माझी इतकी मेहनत, दहा सेकंदात. डॉक्टर मात्र पहिल्यांदा हसले. "चला, घर पसंत पडलं."

इन्स्पेक्शन पास. मामा आले, द्राक्षाची पेटी घेऊन, सगळीकडे फिरले आणि म्हणाले, "मॅडम, ब्रश जाग्यावर न्हाई ठेवले." बास, एवढंच कौतुक.

सध्या माझं भांडण अकाउंट्सशी चालू आहे. लिंबूसत्वाचं बिल त्यांनी परत पाठवलंय, किराणा दुकानाचं बिल अ‍ॅनिमल हाउसच्या हेडखाली बसत नाही म्हणून, आणि वर पेन्सिलने लिहिलंय, 'उंदरांना भेळ का?' मी खाली लिहून पाठवलं की भेळ नाही, ससे, लघवी, कॅल्शियम, वगैरे सविस्तर. काल शिपाई तेच बिल पुन्हा घेऊन आला. आता त्यांना सशाचं स्टेटमेंट पाहिजे.