आरवलीच्या चपला आणि लँकरच्या चेटकिणी

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा वेंगुर्ल्याहून फोन आला. त्याच्या वाचक मंडळात टेरी प्रॅचेट यांच्या ‘कार्पे जुगुलम’ या 1998 सालच्या विनोदी कादंबरीवर चर्चा झाली होती. लँकर नावाच्या डोंगराळ राज्यातील चेटकिणी आणि राजाच्या आमंत्रणावरून तेथे आलेले रक्तपिपासू, म्हणजे व्हॅम्पायर, यांची ही गोष्ट. ज्या महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तेथे चेटकिणींना नायिका करणारे पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये, असे मत एका निवृत्त गुरुजींनी मांडले. दुसरे एक गृहस्थ म्हणाले की भुतांची थट्टा हा साहेबांचा पोरखेळ आहे, कोकणी माणसाला त्याचे काय? तेव्हापासून ही दोन्ही मते मला स्वस्थ बसू देत नाहीत.

गुरुजींची काळजी खोटी नाही. माझ्या आत्याला कावीळ झाली तेव्हा तिला आधी भगताकडे नेले आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला. त्या उशिराची किंमत आमच्या घराने मोजली. पण या कादंबरीतील म्हातारी चेटकीण ग्रॅनी वेदरवॅक्स मंत्र क्वचितच म्हणते. आरंभीच एका अडलेल्या बाळंतिणीच्या उशाशी ती उभी आहे. आई वाचेल किंवा मूल, दोघे नाहीत. नवऱ्याला विचारावे का, असे दाई म्हणते. त्याने असा काय गुन्हा केला आहे की हा निर्णय त्याच्यावर लादावा, असे ग्रॅनीचे म्हणणे पडते, आणि तो भार ती स्वतः उचलते. यात अंधश्रद्धा कोठे आहे, हे गुरुजींनी मला दाखवावे. माणसाला वस्तू समजणे हेच पापाचे मूळ, असे ही बाई पुढे एका धर्मोपदेशकाला ठणकावून सांगते.

मी इंग्लंडमधील बर्नलीत राहतो. मँचेस्टरला जाणाऱ्या आमच्या बसचे नावच ‘विच वे’ आहे. पेंडल टेकडीच्या परिसरातील दहा जणांना 1612 साली चेटकाच्या आरोपावरून फासावर चढवले गेले आणि आज त्याच चेटकिणींच्या नावाच्या बसमधून आम्ही कामावर जातो. भीती सरल्यावर समाज असा मोकळा होतो, आणि या बाबतीत येथील लोक आपल्यापुढे आहेत, हे मी आडपडदा न ठेवता म्हणेन.

मात्र त्या दुसऱ्या गृहस्थांना आपल्याच मुलुखाचा विसर पडला आहे. दशावतारात वेद चोरणाऱ्या संकासुराच्या मालवणी बोलण्यावर जत्रेतील पोरे हसून लोळतात. आरवलीच्या वेतोबाला आपण हातभर लांबीच्या चामडी चपला वाहतो आणि रात्री गावभर फिरून देवाने त्या झिजवल्या म्हणून त्यांचे तळवे कौतुकाने पाहतो. वेताळाला पायताण देणाऱ्या माणसांना रक्तपिपासूंना चहाची तल्लफ लागल्याचे वाचून परके का वाटावे? ग्रॅनीला चावल्यामुळे त्यांची तशी गत होते, आणि तेथे मी मोठ्याने हसलो तेव्हा मला आजीचीच आठवण झाली.

या कादंबरीतील एक गोष्ट मात्र मला हसवत नाही. राजकन्येच्या नामकरणाचे आमंत्रण ग्रॅनीसाठी निघालेले असते, पण मॅगपाय पक्षी ते पळवतात. आपल्याला वगळले, असे समजून ती घर सोडते. गेल्या मे महिन्यात मी घरी पोचलो तेव्हा खळ्यात सामान ठेवून उभा राहिलो. वहिनी पडवीत आली, “या, बसा” म्हणाली आणि तिने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ग्लासातून पाणी दिले. मी पूर्वी माजघरातल्या कळशीतून ओंजळीनेच पाणी प्यायचो. भावाने त्या चर्चेला मला का बोलावले नाही, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.