खिनश्टाइन यांची कोलांटउडी? मला तसे वाटत नाही

जानेवारी २००० मध्ये मॉस्कोतील एका पंचवीस वर्षांच्या पत्रकाराच्या घरी पोलीस आले आणि मानसिक तपासणीसाठी त्याला व्लादिमीर शहरातील रुग्णालयात नेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. ‘मोस्कोव्स्की कोमसोमोलेत्स’ या दैनिकात तो उद्योगपती बेरेझोव्स्की आणि तत्कालीन गृहमंत्री रुशाइलो यांच्याविरुद्ध लिहीत होता. त्याचे नाव अलेक्झांडर खिनश्टाइन. बरोबर वीस वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, हेच गृहस्थ ड्यूमाच्या, म्हणजे रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, माहिती धोरण समितीचे अध्यक्ष झाले.

याला कोलांटउडी म्हणण्याचा मोह अनेकांना होतो; मला मात्र त्यात सातत्यच अधिक दिसते. त्यांना गोपनीय कागदपत्रे सुरक्षायंत्रणांतूनच मिळतात, असा आक्षेप ते पत्रकार असतानाही घेतला जात असे. तो बाजूला ठेवला तरी त्यांचा रोख सत्तेतील माणसांवर होता, सत्तेच्या अधिकारांवर नव्हता, हे मान्य करावेच लागते. २००३ मध्ये ते खासदार झाले, मध्यंतरी राष्ट्रीय गार्ड या अंतर्गत सुरक्षादलाचे प्रमुख झोलोतोव यांचे सल्लागार राहिले आणि २०१८ मध्ये समारातून पुन्हा ड्यूमात आले.

अध्यक्षपदाच्या काळातील त्यांचे कायदे पाहिले की हा स्वभाव स्पष्ट होतो. रशियात रोज पाच लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या परदेशी इंटरनेट कंपन्यांनी तेथे कार्यालय उघडावे, हा २०२१ चा कायदा वरवर कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात दंड, दबाव किंवा अटक यांसाठी सरकारला हाताशी एक माणूस हवा होता, असे माझे मत आहे. समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’वर २०१३ पासून अल्पवयीनांपुरती असलेली बंदी डिसेंबर २०२२ मध्ये सर्व वयोगटांना लागू झाली आणि तिचा फटका पुस्तके, चित्रपट, जाहिराती या सगळ्यांना बसला. तिचेही प्रमुख पुरस्कर्ते खिनश्टाइनच. जुलै २०२४ मध्ये यूट्यूबचा वेग आधी चाळीस आणि मग सत्तर टक्क्यांनी घटेल, हे त्यांनी आधीच जाहीर केले आणि तेही टेलिग्रामवरून, ज्या टेलिग्रामवर रशियाने २०१८ मध्ये बंदी घातली होती!

डिसेंबर २०२४ मध्ये पुतिन यांनी त्यांना कुर्स्क प्रांताचे प्रभारी राज्यपाल नेमले. युक्रेनी सैन्य ऑगस्टमध्येच तेथे शिरले होते आणि सुद्झा भागातून विस्थापित झालेले लोक आपल्या तक्रारी चित्रफितींमधून समाजमाध्यमांवर मांडत होते. समाजमाध्यमांना वेसण घालण्यात पाच वर्षे घालवलेल्या या माणसाला नव्या पदावर पहिले गाऱ्हाणे ऐकावे लागले, ते त्याच माध्यमांवरचे.