घाट हिने पाहिला, वळणे मी

निसर्गरम्य सहलीचे गुणगान करणारे लोक एक गोष्ट हमखास सांगायची विसरतात, ती म्हणजे गाडीतला निसर्ग फक्त डाव्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. उजवीकडे बसलेल्याच्या वाट्याला रस्ता येतो, आणि डांबर तर सगळीकडे सारखेच काळे असते. यंदा तूर विकून झाल्यावर आम्ही नवरा-बायको दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून गाडीने कोकणात जाऊन आलो. सह्याद्री उतरलो, खाड्या ओलांडल्या, पुन्हा सह्याद्री चढलो, आणि आज कोणी 'काय काय पाहिलं?' असे विचारले की मी मुकाट्याने हिच्याकडे बोट दाखवतो.

वास्तविक सुरुवात माझ्या सोयीची होती. कारंज्याजवळ आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, वाटेत १० जिल्हे, मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा; जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून आमच्याकडे ज्याच्या दारात चारचाकी आहे तो प्रत्येक जण मुंबई अगदी फाट्यावर असल्यासारखे बोलतो, मग तो स्वतः कारंज्यापलीकडे गेलेला नसला तरी. या रस्त्यावर मान वळवायची मला पूर्ण मोकळीक होती. अडचण एवढीच की, पाहण्यासारखे काही नव्हते. कठड्यापलीकडे उभ्या पऱ्हाट्या आणि सोंगायला आलेला हरभरा, म्हणजे घरच्या ओट्यावर बसून आम्हाला जे फुकट दिसते तेच. अशा सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे राहून मेंदू मात्र पेंगतो, याला महामार्ग संमोहन म्हणतात, आणि हा भारदस्त शब्द समृद्धीच्या कृपेने आता आमच्या पानटपरीवरही ऐकू येतो. माझे संमोहन होऊ नये याची जबाबदारी हिने घेतली. लग्नात मानपानावरून माझी आत्या काय बोलली होती, इथून तिने प्रारंभ केला आणि सिन्नर येईपर्यंत माझ्या खानदानात नाव घ्यायचे कोणी उरले नाही. मला एकदाही डुलकी आली नाही, हे इमानदारीने सांगितले पाहिजे.

सह्याद्रीचे पहिले दर्शन दोघांचेही हुकले. इगतपुरीपाशी जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा कसाऱ्याचा घाट टाळून खाली नेतो, त्यामुळे महाराष्ट्राचा कणा म्हणतात तो आम्ही आतल्या बाजूने पाहिला. पुढे मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीलाही बोगदाच होता. संबंध सहलीत आम्हा उभयतांना अगदी समान दिसलेली स्थळे ही दोनच.

खेडला महामार्ग सोडून दापोलीकडे वळलो आणि समानता संपली. आमच्याकडे समोरून येणारी एसटी एवढ्या लांबून दिसते की, ती जवळ येईपर्यंत गाडी कोणत्या आगाराची आणि किती उशिरा धावत आहे, यावर गाडीत चर्चा होऊन जाते. कोकणात एसटी दिसत नाही, ती एकदम प्रकट होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, ब्रेकवर सारखा पाय ठेवला तर ब्रेक तापतो आणि ऐन वेळी लागत नाही, हे सगळे मला तोंडपाठ होते. फक्त आमच्या मुलखात चढ म्हणजे नाल्यावरचा पूल, त्यामुळे विद्या वापरायची वेळ आली नव्हती. त्यात लाडघर-बुरोंडीच्या बाजूने दाभोळकडे जाताना उजव्या अंगाला समुद्र होता, आणि शेजारून हिची दोन वाक्ये एकाच श्वासात चालू होती: "अहो, पाहा ना, काय मस्त समुद्र दिसून राहिला! समोर पाहा, समोर!" कोकणचा समुद्र मला असा रेडिओवरच्या क्रिकेटसारखा कळत गेला, आणि समालोचन करणारी बाई मधूनच नुसते "अगाई!" म्हणून गप्प होत असल्यामुळे चौकार गेला की गडी बाद झाला, याचा पत्ता लागत नसे.

माझी सगळी भिस्त फेरीबोटीवर होती. दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीत माणसांसकट गाड्या बोटीवर घेतात आणि पलीकडे धोपाव्याला सोडतात. इंजिन बंद, स्टिअरिंग मोकळे, चहूकडे पाणी, आणखी काय हवे? पण बोटीवरच्या पोऱ्याने हाताच्या खुणांनी गाड्या अशा काही लगटून लावल्या की, माझ्या दाराला जांभ्या चिऱ्यांनी भरलेला टेम्पो येऊन टेकला. ही आपल्या बाजूने उतरून कठड्यापाशी गेली. माझ्या देहाला गिअर ओलांडून पलीकडे जाणे शक्य नव्हते, म्हणून वाशिष्ठी समुद्राला मिळत असताना मी वीतभर अंतरावरून जांभा दगड पाहिला. तो तांबडा असतो, त्याला आरपार भोके असतात, आणि त्यातल्या एका भोकात शिरलेला मुंगळा धोपावे येईपर्यंत बाहेर आला नाही. पुढच्या तवसाळ-जयगडच्या बोटीवर मी शहाणपणाने आधीच खाली उतरलो, तेव्हा हिने हातात मोबाइल दिला. तो समुद्र मी हिच्या खांद्याच्या वर, बोटभर रुंदीचा पाहिला आहे.

गणपतीपुळ्याला दर्शन झाले. आरे-वारेला समुद्राच्या माथ्यावरून जाणारा रस्ता इतका देखणा आहे म्हणे की, पुढचे सगळे तिथे गाडी थांबवतात आणि मागच्याला थांबायला जागा उरत नाही; आम्ही मागचे होतो. रत्नागिरीत मात्र मला माझ्यासारखा एक भेटला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढून पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याला समुद्र हवा तेवढा पाहता येई, घरी जाता येत नसे. मला घरी जाण्याची पूर्ण परवानगी होती.

परतीला आम्ही रत्नागिरीच्या मिऱ्यापासून नागपूरला जाणारा महामार्ग धरला, कारण तो आमच्या यवतमाळवरूनच जातो. साखरप्याला चहा झाल्यावर हिने हात पुढे केला. "द्या किल्ली. आंबा घाट तुम्ही पाहा आता." हिचे लायसन्स माझ्याइतकेच जुने आहे आणि ही रोज शाळेत याच गाडीने जाते, तरी गाव सुटले की किल्ली पुरुषाच्या हातात कशी जाते, हे मात्र कोणी ठरवलेले नसते. मी डाव्या खिडकीपाशी बसलो, काच पूर्ण खाली केली आणि मनाची तयारी केली.

घाट सुरू झाला. मला प्रथम दिसला तो हिचा डावा पाय, विनाकारण क्लचवर टेकलेला. मग गिअर दिसला, तिसरा. मग वळणावरून आमच्यापुढे शिरलेला एक टँकर दिसला, आणि त्यानंतर बराच वेळ टँकरच दिसत राहिला. मी "दुसरा टाक", "हॉर्न दे", "एवढं जवळ नको जाऊ" एवढेच बोलत होतो, आणि उजवा पाय माझ्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर दाबून दाबून पोटरीत गोळा आला. आंबा गाव आले तशी हिने गाडी कडेला घेतली आणि प्रसन्नपणे विचारले, "पाहिला काय घाट?"

"पाहिला ना," मी म्हटले.

"काय पाहिलं, सांगा बरं?"

"टँकर कोल्हापूर पासिंगचा होता."